मधल्या पन्नास वर्षांत ही चित्रं कोणी सांभाळली? (ब्लॅक कलाकार आणि अमेरिकेतली म्युझियम्स)

रानजाई | १२ मार्च, रात्री १०:४०

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुली झोपल्यावर बसलेय. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट (मेट्रोपॉलिटन) म्युझियममध्ये हार्लेम रेनेसान्सवर, म्हणजे तिथल्या हार्लेम या ब्लॅक वस्तीत १९२०-३० च्या दशकांत बहरलेल्या कलेवर, मोठं प्रदर्शन लागलं होतं, साधारण १६० कामं, चित्रं शिल्पं फोटो सगळं. मी जर्सी सिटीत राहते त्यामुळे दोनदा जाऊन आले. आर्चिबाल्ड मोटलीची नाचाच्या हॉलमधली जांभळट गर्दी, विल्यम एच. जॉन्सनची सपाट रंगांतली माणसं, लॉरा व्हीलर वॉरिंगची शांत बसलेली पोर्ट्रेट्स... पहिल्या वेळी नुसती बघतच राहिले. दुसऱ्या वेळी चित्राशेजारच्या पाट्या वाचत गेले आणि पाटीवरची शेवटची ओळ, म्हणजे चित्र कुणाच्या मालकीचं आहे ती, डोक्यात बसायला लागली. हॅम्प्टन युनिव्हर्सिटी. फिस्क युनिव्हर्सिटी. हॉवर्ड. क्लार्क अटलांटा. परत हॅम्प्टन. बाकीच्या कॉलेजांची दारं बंद होती त्या काळात ब्लॅक मुलांसाठी निघालेली ही कॉलेजं. म्हणजे एवढं श्रीमंत मेट, हार्लेम तिथून उत्तरेला हाकेच्या अंतरावर, आणि हार्लेमच्या काळाची चित्रं उसनी आणायला व्हर्जिनिया, टेनेसी, जॉर्जियापर्यंत जावं लागलं!

याचं अर्धं उत्तर १९६९ मध्ये आहे. त्या जानेवारीत याच मेटने 'हार्लेम ऑन माय माइंड' नावाचं प्रदर्शन भरवलं होतं. थॉमस होविंग डायरेक्टर, ॲलन शोनर क्युरेटर. विषय हार्लेमची १९०० ते १९६८ ची सांस्कृतिक कहाणी. भिंतभर मोठे केलेले फोटो, स्लाइड्स, आवाज, सगळं होतं, फक्त हार्लेमच्या एकाही चित्रकाराचं चित्र नव्हतं की एकाही शिल्पकाराचं शिल्प नव्हतं. रोमेर बेअर्डन, नॉर्मन लुइस, जेकब लॉरेन्स, सगळे हयात, सगळे जोमात काम करणारे, आणि त्याच शहरात. कलेच्या म्युझियमने कलाकार बाजूला ठेवले आणि वस्तीचे फोटो लावले, जणू ती माणसं बघायची असतात, त्यांनी काढलेलं बघायचं नसतं. मग बेनी अँड्र्यूज, क्लिफ जोसेफ या चित्रकारांनी आणि बाकीच्यांनी ब्लॅक इमर्जन्सी कल्चरल कोअलिशन काढली आणि भर थंडीत म्युझियमच्या दारासमोर फलक घेऊन उभे राहिले. हार्लेम नक्की कुणाच्या मनातलं, असं एका फलकावर विचारलं होतं. रॉय डिकराव्हा या हार्लेमच्याच मोठ्या फोटोग्राफरने तर या प्रदर्शनात भाग घ्यायलाच नकार दिला होता.

१९६९ ते २०२४, पंचावन्न वर्षं झाली. म्युझियम्सनी दार कधी उघडलं यावर लोक खूप लिहितात, ते महत्त्वाचं आहेच. पण मला त्या पाट्या वाचून राहून राहून एकच वाटतं, की दार बंद होतं तेव्हा ही चित्रं होती कुठे? कोणी झाकून ठेवली, कोणी भाडं भरलं, छत गळलं तेव्हा कोणी हलवली? याबद्दल तुम्हाला जे माहीत असेल ते लिहा ना.

-----

शशी_कोल्हापूर | १२ मार्च, रात्री ११:२५

रानजाई ताई, तुमचा प्रश्न वाचून पोटात कालवलं. माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, साठ ते नव्वदच्या दशकापर्यंत. काचेच्या निगेटिव्ह, मग फिल्मच्या, खोक्यांवर वर्ष लिहून माळ्यावर रचून ठेवलेल्या. ते गेल्यावर घर रंगवायला काढलं तेव्हा आम्ही भावंडांनी ती खोकी भंगारवाल्याला दिली. अख्ख्या गावाची लग्नं होती त्यात. आज कुणी मागितलं तर माझ्याकडे द्यायला एक नाही.

म्हणून जेम्स व्हॅन डर झी या माणसाबद्दल सांगतो. १९६९ च्या त्या प्रदर्शनातले कितीतरी फोटो यांचेच होते. हार्लेममध्ये त्यांचा स्टुडिओ होता, लग्नं, मयती, क्लबच्या बायका, ब्लॅक नेता मार्कस गार्व्हीच्या मिरवणुका, सगळं त्यांनी काढलं. म्हणजे आमच्या बाबांसारखाच गल्लीतला फोटोवाला, पण काय नजर! पडदा लावायचा, फुलदाणी ठेवायची, निगेटिव्हवर हाताने बारीक काम करायचं, समोरचा माणूस उद्या कसा दिसायला हवा तसा त्याला बसवायचं. प्रदर्शन लागलं तेव्हा त्यांचं वय ८२. जगाला नाव कळलं, आणि त्याच वर्षी त्यांना आणि त्यांच्या बायकोला राहत्या घरातून बाहेर काढलं गेलं. मेटच्या भिंतीवर फोटो आणि म्हातारा-म्हातारी बेघर.

ते सगळं आता कुठे आहे तर २०२१ मध्ये मेट आणि स्टुडिओ म्युझियम इन हार्लेम या दोघांनी मिळून त्यांचा संग्रह घेतला, सुमारे २०,००० प्रिंट आणि ३०,००० निगेटिव्ह. मधली पन्नास वर्षं ही खोकी कुणीतरी सांभाळली म्हणूनच हे झालं. तीस हजार निगेटिव्ह म्हणजे जागा किती लागते हे मला माहितेय.

-----

मृद्गंध | १३ मार्च, सकाळी ७:०५

वाचतेय. शशीदादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

-----

बापू_सातारा | १३ मार्च, सकाळी ९:३०

धागा चांगला आहे, माहिती नवीन आहे मला. तरी एक मत मांडतो, राग मानू नका. मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. माझा अनुभव असा की चांगलं चित्र लपत नाही, आज नाही तर उद्या कुणाच्या तरी नजरेला पडतंच. म्युझियमने चित्र बघावं, चित्रकाराचा रंग का बघावा? एकदा रंग बघून जागा द्यायला लागलात की उद्या त्या चित्रकारालाच शंका येणार, मला चित्रासाठी घेतलं की कातडीसाठी. हे त्याच्यावरही अन्यायच नाही का?

-----

अमृता_जतन | १३ मार्च, दुपारी १:१५

बापूसर, राग कसला. पण मी जुनी चित्रं दुरुस्त करायचं काम करते आणि माझ्या टेबलावर जे येतं त्यावरून सांगते, चांगलं चित्र आपोआप टिकत नाही. त्याला कोरडी खोली लागते आणि भाडं भरणारा माणूस लागतो. नाहीतर कितीही चांगलं असो, वाळवी लागते, बुरशी धरते, नाहीतर कुणीतरी फेकून देतं.

वर ज्याचं नाव आलंय त्या विल्यम एच. जॉन्सनचंच बघा. साउथ कॅरोलिनाच्या फ्लॉरेन्स गावातला मुलगा, न्यूयॉर्कला शिकला, डेन्मार्क नॉर्वेत राहून काम केलं, बायको डॅनिश, ती १९४४ मध्ये गेली. नंतर त्याचं मानसिक आरोग्य ढासळलं, १९४७ मध्ये लाँग आयलंडच्या सरकारी मनोरुग्णालयात दाखल झाला आणि १९७० मध्ये मरेपर्यंत तिथेच होता, तेवीस वर्षं, ब्रश हातात धरला नाही. चित्रं गोदामात पडून. गोदामाचं भाडं भरायला पैसे उरले नाहीत तेव्हा ती नष्ट करायचं ठरलं होतं. १९५६ मध्ये ब्लॅक कलाकारांना मदत करणाऱ्या हार्मन फाउंडेशनने शेवटच्या घटकेला ती सोडवून घेतली आणि १९६७ मध्ये हजाराहून जास्त कामं स्मिथसोनियन या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय म्युझियमला दिली. त्यातली काही त्यांनी हॅम्प्टन, फिस्क अशा कॉलेजांनाही दिली. ताईंनी जी सपाट रंगांतली माणसं पाहिली ती या गोदामातून वाचलेली आहेत. थोडं इकडचं तिकडं झालं असतं तर आज आपण इथे त्याचं नावही घेतलं नसतं.

आणि जे वाचलं नाही त्याचं एक उदाहरण, शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज. १९२३ मध्ये फ्रान्समधल्या फॉन्टेनब्लोच्या उन्हाळी शाळेत निवड झाली होती, ती ब्लॅक आहे कळल्यावर निवड रद्द केली. पुढे हार्लेममध्ये तिने मुलांना शिकवलं, जेकब लॉरेन्स तिथूनच पुढे आला. १९३९ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरसाठी तिने मोठ्या वीणेच्या आकाराचं शिल्प केलं होतं, वीणेच्या तारा म्हणजे गाणारी मुलं. सोळा फूट उंच, प्लास्टरमध्ये, वर रंग दिलेला. लाखो लोकांनी बघितलं, त्याच्या छोट्या प्रतिकृती विकल्या गेल्या, पोस्टकार्डं छापली गेली. जत्रा संपली. ब्राँझमध्ये ओतायला पैसे नाहीत, ठेवायला जागा नाही, म्हणून ते शिल्प बाकीच्या मांडवाबरोबर पाडून टाकलं. आता सांगा सर, हे शिल्प वाईट होतं म्हणून गेलं का?

-----

बापू_सातारा | १३ मार्च, सायंकाळी ६:५०

नाही. हे मला माहीत नव्हतं. गोदामाच्या भाड्याचा विचार मी केला नव्हता खरंच. शाळेत मुलांची चांगली चित्रं मी कपाटात ठेवायचो, निवृत्त झालो तेव्हा कपाट रिकामं करून द्यावं लागलं...

-----

सुमेध_वर्धा | १३ मार्च, रात्री ९:००

बापूसरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, रंग का बघावा. रंग आधीपासूनच बघितला जात होता सर, फक्त तो पांढरा असल्यामुळे कुणाला दिसत नव्हता. आकडे बघा. २०२२ च्या बर्न्स हाल्परिन रिपोर्टमध्ये अमेरिकेतल्या ३१ म्युझियम्सची २००८ ते २०२० ची खरेदी-देणगी मोजली, त्यात ब्लॅक अमेरिकन कलाकारांचं काम २.२ टक्के, ब्लॅक बायकांचं ०.५ टक्के. देशात ब्लॅक लोक साधारण आठात एक. आणि हा काळ १९६९ चा नाही, ओबामांच्या नंतरचाही त्यात आलाय.

आमच्या घरात पँथर हा शब्द लहानपणापासून ऐकलेला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच. त्यांच्या कविता आमच्याकडे आल्या, भाषणं आली, चित्रकार मात्र आले नाहीत. एमरी डग्लसचं नाव मला चाळिशीत कळलं, ब्लॅक पँथर पक्षाच्या पेपरात तो चित्रं काढायचा, जाड काळी रेघ, लोक ती पानं फाडून भिंतीला चिकटवायचे. वस्तीतल्या भिंती हीच त्याची गॅलरी. २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या मोका या आजच्या कलेच्या म्युझियमने त्याचं प्रदर्शन केलं. भिंतीवरची पानं पावसात गेली, ज्यांनी पेपराचे अंक पेटीत ठेवले त्यांच्यामुळे ती चित्रं आज आहेत.

-----

निलिमा_बाल्टिमोर | १४ मार्च, पहाटे ५:२०

मी बाल्टिमोरमध्ये पंधरा वर्षं आहे, इथल्या दोन-तीन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्यांदा इथल्या म्युझियम्समध्ये जायला लागले तेव्हा एक गोष्ट मला खटकायची पण शब्दांत सांगता येत नव्हती. चित्रांत ब्लॅक माणूस जवळजवळ नाही, बघायला आलेल्यांत थोडे, पण दरवाजात युनिफॉर्म घालून उभे असलेले गार्ड बहुतेक सगळे ब्लॅक. फ्रेड विल्सन या कलाकाराने हेच मांडलंय. तो स्वतः म्युझियममध्ये गार्ड होता. १९९१ मध्ये त्याने चार काळे पुतळे उभे केले, डोकी नाहीत, अंगावर न्यूयॉर्कच्या चार म्युझियम्सच्या गार्डचे खरे युनिफॉर्म. ते काम आता व्हिटनी म्युझियममध्ये आहे.

दुसऱ्या वर्षी तो आमच्या गावात आला. मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीने त्याला त्यांचं भांडार उघडून दिलं, काय हवं ते काढून मांड म्हणून सांगितलं. त्याने चांदीच्या नक्षीदार सुरया आणि पेले काचेच्या कपाटात ठेवले आणि त्यांच्या मधोमध गुलामांच्या पायातल्या लोखंडी बेड्या. खाली पाटी फक्त एवढीच, 'धातुकाम १७९३–१८८०'. दोन्ही वस्तू त्याच इमारतीत होत्या, इतकी वर्षं एक दर्शनी कपाटात आणि एक खाली भांडारात. मी ते प्रदर्शन पाहिलेलं नाही, मी नंतर आले, पण त्या कपाटाचा फोटो बघितल्यापासून कुठल्याही संग्रहालयात चांदीची भांडी दिसली की माझ्या डोळ्यासमोर त्या बेड्या येतात, अगदी पुण्यात सुद्धा.

आणि तिसरी गोष्ट, जी मी स्वतः पाहिली. २०२२ मध्ये बाल्टिमोर म्युझियम ऑफ आर्टने आपल्या १७ गार्ड्सना सांगितलं, संग्रहातून तुम्ही चित्रं निवडा आणि प्रदर्शन लावा. जो माणूस दिवसाचे आठ तास चित्रासमोर उभा असतो त्याच्याइतकं ते चित्र कोण बघतं? निवडीमागची कारणं त्यांनी स्वतः लिहिली होती. मला म्युझियममध्ये पहिल्यांदाच कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटलं.

रानजाई, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर हेही, चित्रं गार्ड्सनी, सफाई कामगारांनी सांभाळली. लॉस एंजेलिसमध्ये सेसिल फर्गरसन म्हणून होते, १९४८ मध्ये काउंटी म्युझियममध्ये सफाई कामगार म्हणून लागले, पुढे क्युरेटोरियल विभागात गेले. त्यांनी आणि क्लॉड बुकर यांनी आतून ब्लॅक आर्ट्स काउन्सिल उभी केली आणि म्युझियमच्या मागे लागले. १९७६ मध्ये त्याच काउंटी म्युझियममध्ये (लॅक्मा) डेव्हिड ड्रिस्केल यांनी दोन शतकांच्या ब्लॅक अमेरिकन कलेचं मोठं प्रदर्शन केलं, दोनशेच्या वर कामं, त्याच्या मागे या लोकांची वर्षानुवर्षांची ओरड होती. आणि ड्रिस्केल स्वतः तेव्हा फिस्कमध्ये शिकवत होते, म्हणजे परत तेच कॉलेज!

-----

बापू_सातारा | १४ मार्च, सकाळी १०:१०

निलिमाताई, सुंदर लिहिलंत. बाल्टिमोरच्याच म्युझियमने वॉरहॉलची वगैरे चित्रं विकून ब्लॅक चित्रकारांची घेतली असं वाचल्याचं आठवतं. ते बरोबर वाटतं का तुम्हाला? एक सांभाळायला दुसरं विकायचं, हे मला अजून पटत नाही.

-----

निलिमा_बाल्टिमोर | १४ मार्च, सायंकाळी ५:४५

२०१८ मध्ये ७ कामं विकायला काढली होती सर, वॉरहॉल, राउशेनबर्ग, क्लाइन अशांची, आणि त्या पैशातून एमी शेराल्ड, जॅक व्हिटन यांची कामं आली. मला ते पटलं, कारण त्याच कलाकारांची इतर कामं म्युझियमकडे होतीच आणि हे शहर साधारण साठ टक्के ब्लॅक आहे. २०२० मध्ये परत तीन मोठी चित्रं विकायला काढली तेव्हा फार विरोध झाला आणि विक्री रद्द झाली. त्या वेळी मीही विरोधात होते. दोन्ही वेळी माझं मत वेगळं होतं हे खरंय, पण दुसऱ्या वेळी पैसा पगार आणि देखभालीसाठीही वापरायचा होता आणि एकदा ती सवय लागली की उद्या ब्लॅक चित्रकारांची कामंच आधी विक्रीला निघतील ही भीती मला वाटते.

-----

काळीनदी | १४ मार्च, रात्री १०:३०

मी कारवारची, सासर फोंड्याचं. चित्रकलेतलं फार कळत नाही पण गोधडीतलं कळतं म्हणून लिहितेय.

फेथ रिंगगोल्डचं नाव कुणी घेतलं नाही अजून. हार्लेमची बाई, १९३० चा जन्म, २०२४ मध्ये ९३ व्या वर्षी गेली. १९६८ आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमसमोर निदर्शनं करणाऱ्यांत ती पुढे होती, ब्लॅक कलाकारांना घ्या, बायकांना घ्या म्हणून. तिची आई विली पोझी कपडे शिवायची, आईच्या मदतीने तिने गोधडी हाताळायला घेतली आणि पुढे गोष्टी सांगणाऱ्या गोधड्या केल्या, मधे चित्र, कडेने कापडाचे तुकडे, त्यावर हाताने लिहिलेली गोष्ट. एका गोधडीत ब्लॅक बाई आणि छोट्या मुली लूव्रमध्ये मोनालिसासमोर नाचतायत! तिचं १९६७ चं मोठं तैलचित्र, रस्त्यावरच्या रक्तपाताचं, न्यूयॉर्कच्या मोमाने (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) २०१६ मध्ये घेतलं, ते २०१९ मध्ये पिकासोच्या प्रसिद्ध चित्राच्या दालनात लावलं. एकोणपन्नास वर्षं ते चित्र कुठे होतं? तिच्याकडेच.

आमच्याकडे यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी लोक आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, त्यातले कितीतरी पोर्तुगीजांच्या गोव्यातून पळून रानात गेलेले. सिद्दी बायका जुन्या साड्या-झग्यांच्या तुकड्यांची कवंदी म्हणजे गोधडी शिवतात. कडेपासून सुरुवात करून आत आत मधापर्यंत जायचं, आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेले तिकोनी तुकडे लावायचे, त्यांना फुलां म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते असं त्या म्हणतात. आता या कवंद्या परदेशात प्रदर्शनात जातात, ते बघून आनंद होतो, पण माझ्या डोक्यात असं येतं की पाटीवर नाव कुणाचं असतं, शिवणारीचं की गोळा करणाऱ्याचं?

-----

दौलताबादकर | १५ मार्च, सकाळी ८:००

काळीनदी, सिद्दींचा विषय निघाला म्हणून. २०१३ मध्ये हार्लेममधल्याच शोंबर्ग सेंटर या लायब्ररीत भारतातल्या आफ्रिकन लोकांवर प्रदर्शन झालं होतं, त्यात आपला मलिक अंबर होता, ज्याने खडकी वसवली आणि नहर बांधली. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र मात्र त्याच्या शत्रूने काढून घेतलेलं, जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारतोय. अबुल हसनचं, डब्लिनच्या चेस्टर बीटी म्युझियममध्ये आहे. प्रत्यक्षात जहांगीरच्या हाती अंबर कधीच लागला नाही, १६२६ मध्ये म्हातारपणी मेला, खुलताबादला कबर आहे. पण चित्र त्याचं ठरलं ज्याच्याकडे चित्रकार होता.

शोंबर्ग सेंटर हेही रानजाईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आर्तुरो शोंबर्ग नावाचा पोर्तो रिकोचा माणूस, नोकरी सांभाळून पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं जमवत गेला. १९२६ मध्ये तो संग्रह न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीसाठी १०,००० डॉलरला घेतला गेला. एका नोकरदाराने जमवलेलं.

-----

रानजाई | १५ मार्च, रात्री ११:१०

सगळ्यांची उत्तरं वाचून काढली, काही नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. काळीनदी, तुमच्या पाटीवरच्या नावाच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येणार नाही, पण आता पाटी वाचताना तो प्रश्न माझ्याबरोबर असेल.

एक राहिलंय ते लिहिते. स्टुडिओ म्युझियम इन हार्लेम १९६८ मध्ये निघालं, मेटच्या त्या प्रदर्शनाच्या काही महिने आधीच, भाड्याच्या एका मजल्यावर. नावात स्टुडिओ आहे कारण चित्रकाराने तिथे बसून काम करावं ही कल्पना विल्यम टी. विल्यम्स या चित्रकाराने मांडली होती. केरी जेम्स मार्शल, डेव्हिड हॅमन्स, किहिंडे वायली, एन्जिडेका अकुन्यिली क्रॉस्बी हे सगळे तिथे काम करून गेलेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये १२५ व्या रस्त्यावर त्यांची नवी इमारत उघडली. मी डिसेंबरमध्ये मुलींना घेऊन गेले. बाहेर हॅमन्सने केलेला अमेरिकेचा झेंडा लावलेला आहे, पण लाल-काळा-हिरव्या रंगांत. धाकटी विचारत होती, हा कुठल्या देशाचा.

मेटमध्ये मला उसनी या शब्दाने टोचलं होतं. इथे ते नव्हतं.

-----

शशी_कोल्हापूर | १६ मार्च, सकाळी ६:४०

ताई, काल संध्याकाळी मोठ्या बहिणीला फोन केला. तिच्याकडे ट्रंकेत बाबांची एक वही निघाली, गिऱ्हाइकांची नावं, तारखा, किती कॉप्या. फोटो नाहीत पण नावं आहेत. रविवारी जाऊन स्कॅन करणार आहे. अमृताताई, वहीची पानं एकमेकांना चिकटलीत, काय करू?

-----

अमृता_जतन | १६ मार्च, सकाळी ९:१५

ओढू नका अजिबात. उन्हातही ठेवू नका. तशीच सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी सपाट ठेवा, मला फोटो पाठवा मेसेजमध्ये, बघून सांगते.

-----

विनय_शिकागो | १६ मार्च, रात्री ८:३०

उशिरा आलो धाग्यावर. मार्शलचं नाव आलं म्हणून. १९९५ मध्ये त्याने इथल्या वेस्ट साइडच्या लेग्लर लायब्ररीसाठी मोठं चित्र केलं, मुलं-मोठी माणसं अवाढव्य पुस्तकांकडे बघतायत असं, तेव्हा त्याला १०,००० डॉलर मिळाले होते. २०१८ मध्ये शहराने ते लिलावात काढायचं ठरवलं, कोटीच्या वर डॉलर येतील म्हणून. मार्शलने स्वतः आणि बऱ्याच लोकांनी आवाज उठवला, तेव्हा महापौरांनी माघार घेतली. त्याच वर्षी त्याचं दुसरं एक चित्र, इथल्याच एका सरकारी संस्थेने २५,००० ला घेतलेलं, २.११ कोटी डॉलरला विकलं गेलं होतं, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं.

मी या शहरात अकरा वर्षं राहतो आणि त्या लायब्ररीत एकदाही गेलेलो नाही. शनिवारी जातोय.

-----

मृद्गंध | १६ मार्च, रात्री ८:५०

विनय, पाटीवर काय लिहिलंय ते पण टाका इथे. शेवटच्या ओळीसकट.